फिजिओथेरपी सहायक: हात कधी द्यायचा, कधी आखडता घ्यायचा?

सावकाश

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

आठ महिन्यांपूर्वी एका रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात फिजिओथेरपी सहायक म्हणून लागले. आमच्याकडे सगळे पासष्टीच्या पुढचे. कोणाचा खुबा मोडलेला, कोणाला पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, कोणी न्यूमोनियातून वाचलेले पण तीन आठवडे पडून राहून पायातलं त्राण गेलेले. पेशंटला तपासणं, कोणाला काय द्यायचं ते ठरवणं हे फिजिओ मॅडमचं काम. त्यांनी आखून दिलेलं रोज करून घेणं माझं. पलंगाच्या कडेला बसवायचं, उभं करायचं, वॉकर धरून चालवायचं, पायऱ्या, तोलाचे व्यायाम, आणि शेवटी वहीत नोंद.

आता प्रसंग. एक आजी. खुबा मोडला म्हणून आत रॉड टाकलाय, ऑपरेशन होऊन बारावा दिवस. खुर्चीतून उठायचं होतं. कमरेला पट्टा बांधला, वॉकर समोर ठेवला. आजी कडेपर्यंत सरकल्या, दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांवर रोवले. मी म्हटलं, "एक, दोन, तीन." आजी तशाच. मी क्षणभर थांबले आणि पट्टा धरून त्यांना वर घेतलं. छान उभ्या राहिल्या, दहा पावलं चालल्या, परत येऊन बसल्या. मी खूश. मॅडम दारातून बघत होत्या. आजी गेल्यावर म्हणाल्या, "मगाशी कोण उठलं?"

मी म्हटलं, आजी.

"नाही. तू उठलीस. आजी तुझ्याबरोबर वर आल्या."

हे इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी उलटंच झालं. एक आजोबा उठता उठता अर्ध्यात थांबले. आज मदत करायचीच नाही असं ठरवून मी हात मागे ठेवले. त्यांचे गुडघे लटपटले आणि ते धपकन खुर्चीत बसले. खुर्ची मागेच होती म्हणून लागलं काही नाही. पण चेहरा उतरला तो उतरलाच, त्या दिवशी परत उठायला तयार झाले नाहीत.

तर या कामातल्या किंवा घरी कोणाचं असं केलेल्या मंडळींना विचारायचंय. थांबायचं किती? पाच सेकंद? दहा? हात द्यायचा तो नेमका कधी?

रिकामटेकडा

म्हणजे शेजारी उभं राहून मदत न करणं ही नोकरी आहे? अर्ज कुठे करायचा?

(हलके घ्या.)

दोन_पायऱ्या

सेकंद मोजू नकोस गं. माणूस कशासाठी थांबलाय ते बघ.

सतरा वर्षं हेच करतोय. म्हातारं माणूस उठता उठता थांबलं की त्याला तीन-चार कारणं असतात आणि लांबून सगळी सारखीच दिसतात. सूचना कानात गेली पण अंगात उतरायला वेळ लागतोय, हे सगळ्यात नेहमीचं. अशा वेळी आपण दुसरी सूचना सोडली की पहिली पुसली जाते. "पुढे सरका, पाय मागे घ्या, हात ठेवा, वर बघा", एका दमात चार. मग त्यातली एकही होत नाही आणि आपण लिहितो, पेशंट सहकार्य करत नाही. एक वाक्य बोलायचं आणि तोंड मिटायचं. हे तोंड मिटणं मला जमायला दोन वर्षं लागली.

घाबरून थांबलेला माणूस वेगळा असतो. नजर जमिनीवर, बोटांची पेरं पांढरी, आणि अंग मागे रेललेलं. उठताना खरं तर पुढे झुकावं लागतं. नाक पायाच्या बोटांवर आलं की बूड आपोआप हलकं होतं. पण पुढे झुकलं की जमीन समोर येते, आणि एकदा पडलेल्याला नेमकी तीच नको असते. तिथे पट्ट्याला हिसका दिला तर तो आणखी मागे जातो. मी समोर एक टेबल ओढतो, त्यावर हात टेकवून नुसतं पुढे-मागे झुलायला लावतो. उठायचं नाहीये असं आधीच सांगून टाकतो. सहाव्या-सातव्या झोक्याला बूड उचललं जातंच, कधी कधी त्यांच्याही नकळत.

आणि ताकद कमी पडली तर ते लपत नाही. बूड चार बोटं वर येतं, मांड्या थरथरतात, श्वास कोंडतो. तुझ्या आजोबांचं हे होतं. इथे हात द्यायचा, तोही लगेच, पण जेवढं कमी पडतंय तेवढाच. नाहीतर आधीच बैठक उंच करायची. उंचावरून उठायला जोर कमी लागतो. खाली घट्ट उशी घालायची आणि जमेल तशी दिवसागणिक पातळ करत जायची. अर्थात मॅडमना विचारून.

पहाटवारा

वाचनखूण साठवली. आईला पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे.

अस्थिपंजर

मी फिजिओ आहे. दोन_पायऱ्या, प्रतिसाद आवडला, पण एक दुरुस्ती. "नाक बोटांवर" हे सरसकट सांगू नका. खुब्याचा सांधा बदललेला असेल आणि ऑपरेशन मागच्या बाजूने केलं असेल तर बरेच सर्जन सुरुवातीला सांगतात की खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. अशा पेशंटला उंच खुर्ची, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, आणि जोर हातांवर. सावकाश यांच्या आजींना रॉड आहे, तिथे प्रश्न वेगळा: पायावर किती भार टाकायची परवानगी आहे? पूर्ण, अर्धा, की पाऊल नुसतं टेकवायचं? हे सर्जन सांगतो, फिजिओ लिहितो. सहायकाने "आज बऱ्या दिसतायत" म्हणून बदलायचं नसतं.

आता मूळ प्रश्न. मदत मोजता येते, पण सेकंदांत नाही, वाट्यात. आम्ही वापरतो त्या पद्धतीत कामाचा ७५ टक्के किंवा जास्त वाटा पेशंटने उचलला तर ती किमान मदत. ५० ते ७४ म्हणजे मध्यम. २५ ते ४९ म्हणजे भरपूर. त्याखाली गेलं की सगळं आपणच करतोय. आणि वरच्या टोकाला नुसती देखरेख: हात लावायचा नाही, पण हाताच्या अंतरावर उभं राहायचं.

सावकाश, तुम्ही त्या दिवशी वहीत काय लिहिलंत? "उठल्या, १० पावलं चालल्या" असं असेल तर दुसऱ्या दिवशीची सहायक आजींना एकट्याने उठायला सांगेल. तुमच्या मॅडमचा मुद्दा तोच असावा असा माझा अंदाज. तुम्ही हात दिलात याचा राग कोणाला येत नाही. तो नोंदीत दिसत नाही, याचा येतो.

आणि थांबण्याचं एक कारण दोन_पायऱ्या यांच्या यादीत राहिलं: बीपी. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला आम्ही उभं राहिल्यावरचं बीपी पडणं म्हणतो. पडून राहिलेल्या वृद्धांमध्ये हे नेहमीचं आहे. चेहरा पांढरा पडतो, जांभया येतात, बोलणं मध्येच तुटतं. तिथे वाट-बिट बघायची नाही. बसवायचं आणि सिस्टरना हाक मारायची. पोटरी एका बाजूला सुजलेली, गरम, दुखरी दिसली तरी व्यायाम बंद आणि आधी कळवायचं, ती गुठळी असू शकते.

"पडून राहून त्राण गेलं" हे तुम्ही सहज लिहिलंत, पण ते फार वेगाने होतं. २००७ मधल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. आजार काही नाही, ताप नाही. तरी पायांचा जवळजवळ १ किलो स्नायू गेला.

रिकामटेकडा

१० दिवसांत १ किलो? मी गेली अकरा वर्षं खुर्चीत आहे.

(हा प्रतिसाद उभं राहून टंकला आहे.)

निळी_छत्री

मला या धाग्यावर थोडं कडू लिहायचंय.

माझ्या बाबांना उजव्या बाजूचा झटका आला होता. मी भेटायला गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसून शर्टाच्या बाहीत हात घालायचा प्रयत्न करत होते. घामाघूम झालेले. बाही तीनदा निसटली. आणि सहायक मुलगा शेजारी हाताची घडी घालून उभा. मी पुढे झाले तर तो म्हणाला, "ताई, राहू दे." मी त्याला नको नको ते बोलले. बाबा रडायला लागले. माझ्यावर की त्याच्यावर, अजून कळलेलं नाही.

नंतर फिजिओंनी समजावलं की लुळा हात आधी बाहीत, चांगला नंतर, काढताना उलटं, आणि हे त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत कोणी करून द्यायचं नाही. पटलं मला. बाबा आता स्वतः कपडे घालतात. पण आधी एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? आपलं माणूस धडपडताना बघणाऱ्याला "हे मुद्दाम चाललंय" एवढं तरी कळायला नको? तुम्ही लोक पेशंटला शिकवता, बरोबरच्याला कोणी शिकवत नाही. आणि हाताची घडी घालू नका हो. ती फार वाईट दिसते.

दोन_पायऱ्या

निळी_छत्री, घडीबद्दल शंभर टक्के मान्य. आमच्या नव्या मुलांना मी हेच सांगतो. हात पोटाजवळ, मोकळे, तळवे वर. बघणाऱ्याला कळतं की हा माणूस कामावर आहे, आणि खरंच धरायची वेळ आली तर घडी सोडवण्यात अर्धा क्षण जातो.

निवृत्त_घड्याळ

मी पट्ट्याच्या आतला माणूस. वय ७४. गेल्या वर्षी घरात पडून खुबा मोडला, पाच आठवडे अशाच एका विभागात होतो. इथे सगळे बाहेरून लिहितायत म्हणून आतलं सांगतो.

तुम्हाला वाटतं आम्हाला चालायचं असतं. मला चालायचं नव्हतं. मला संडासला एकट्याने जायचं होतं, दार आतून लावून. पलंगापासून दारापर्यंत सतरा फरश्या. मी रात्री पडल्या पडल्या त्या मोजायचो. फिजिओने पहिल्या दिवशी विचारलं, तुमचं ध्येय काय. मी "चालणं" म्हणालो, कारण परक्या बाईला दुसरं काय सांगणार? खरं ते सहायकाला सांगितलं, चौथ्या दिवशी, तोही वयाने माझ्या नातवासारखा म्हणून. त्याने ते फिजिओच्या कानावर घातलं. त्यानंतर आमचा रोजचा व्यायाम सतरा फरश्यांवर झाला, मोठ्या हॉलमध्ये नाही. दाराशी वॉकर घेऊन वळणं, एका हाताने कडी लावणं, कमोडवर बसण्याआधी पायांना मागून कड लागली की नाही हे बघणं. कडी लावायला नऊ दिवस लागले.

त्या मुलाची एक गोष्ट आवडायची. तो वेळ लावायचा. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पहिल्यांदा ४६ सेकंद. घरी सोडताना १९. १२ किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात म्हणे, म्हणजे मी अजून नापासच. पण चाळीस वर्षं गणित शिकवलंय, आकडा उतरताना दिसला की बरं वाटतं.

न आवडलेलं: "शाब्बास आजोबा! कसे छान चालले!" अहो, मी काय रांगायला शिकतोय? आणि हे आजोबा, आजी काय प्रकरण आहे? मला सर म्हणा, काका म्हणा, आडनावाने हाक मारा. आधी विचारा.

पहाटवारा

अवांतर: "आजी" मात्र मला प्रेमाचं वाटतं. माझ्या आईला कोणी नावाने हाक मारली तर ती उत्तरच देणार नाही.

निवृत्त_घड्याळ

म्हणून म्हटलं, विचारा.

सावकाश

सर, (विचारलं नाही, पण गणिताचे आहात म्हणून सर म्हणते) तुमचा प्रतिसाद आमच्या मॅडमना वाचून दाखवला. अस्थिपंजर, तुम्ही ओळखलंत. वहीत मी अक्षरशः "उठल्या, १० पावलं" एवढंच लिहिलं होतं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, मी चिडले नव्हते, पण हो, तेच म्हणायचं होतं.

निळी_छत्री, आता मी नातेवाईक आले की आधी त्यांच्याशी दोन वाक्यं बोलते. "आज त्यांना बराच वेळ लागेल, मी मुद्दाम थांबणार आहे." लोक निमूट बसतात. काही जण खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात, जणू तेच उठणार आहेत.

आणखी एक विचारू? आमच्याकडे पार्किन्सनचे एक काका आहेत. दारापर्यंत ठीक चालतात आणि उंबरठ्यात पाय चिकटल्यासारखे थांबतात. मी "चला, चला" करत राहते आणि ते आणखीच अडकतात.

दोन_पायऱ्या

"चला चला" बंद. हात धरून ओढणं तर अजिबात नको, वरचं अंग पुढे जातं, पाय तिथेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यांच्या डोक्यातून चालण्याचा आपोआप जाणारा हुकूम अडकलेला असतो. बाहेरून खूण मिळाली तर बऱ्याचदा सुटतो. आम्ही दाराजवळ जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात, पावलाच्या अंतराने. पट्टी ओलांडा म्हटलं की पाऊल उचललं जातं. काहींना मोजणी चालते, काहींना ताल. एक बाई होत्या, त्यांना मी माझा बूट आडवा धरायचो, त्यावरून त्या टांग टाकायच्या. आधी पूर्ण थांबू दे, तोल सावरू दे, मग भार एका पायावरून दुसऱ्यावर झुलव, मग पाऊल.

आणि चालताना गप्पा मारू नकोस. पार्किन्सनच्याच नाही, कोणाच्याच. १९९७ साली स्वीडनमध्ये काही जणांनी एवढंच पाहिलं होतं की वृद्धांशी चालता चालता बोलायला लागलं तर कोण थांबतं. जे बोलण्यासाठी थांबले ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. कोणी उत्तर द्यायला थांबलं की मी ते वहीत लिहितो.

रिकामटेकडा

आता गंभीरपणे. आई घरी आहे, झटक्यानंतर डावी बाजू कमजोर. मी आणि भाऊ तिला दोन्ही काखांत हात घालून उचलतो. परवा भावाच्या कमरेत उसण भरली. आई म्हणते खांदा दुखतो. चुकतंय का काही?

अस्थिपंजर

चुकतंय. काखेत हात घालून उचलणं आजच बंद करा, आणि डाव्या हाताला धरून ओढणंही. झटक्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात, हाड खोबणीतून खाली सरकू शकतं, आणि तो खांदा मग महिनोन्‌महिने दुखतो. धरायचं ते कमरेच्या पट्ट्याला. खुर्ची तिच्या चांगल्या, म्हणजे उजव्या बाजूला, पलंगाला जवळ लावून. चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक लावलेले, पायपट्ट्या बाजूला. तुम्ही तिच्या कमजोर बाजूला, गुडघे वाकवून. पण हे वाचून करायला जाऊ नका. एकदा फिजिओला घरी बोलवून तुमच्याकडून करवून घ्या. खांदाही दाखवा.

आणि आई कधी निसटलीच तर तिला हवेत झेलायचा प्रयत्न करू नका. जवळ ओढून, तुमच्या मांडीवरून घसरवत, डोकं सांभाळत खाली बसवा. लगेच उचलू नका. आधी कुठे लागलंय ते बघा.

रिकामटेकडा

धन्यवाद. वर अर्ज कुठे करायचा म्हणालो होतो ते मागे घेतो. हे काम आपल्याला झेपणारं नाही.

सावकाश

धागा वर काढतेय, कारण आजींचं सांगायचं राहिलं.

उद्या त्या घरी जाणार. या सगळ्या चर्चेनंतर मी दोन_पायऱ्या यांची कारणं एकेक करून पडताळली. भीती? नजर समोर होती, पेरं पांढरी नव्हती. ताकद? पलंगावरून त्या एकट्या उठताना सिस्टरनी पाहिलेलं. बीपी दोनदा बघितलं, बसून आणि उभं राहून, जवळजवळ सारखं. ऐकायला कमी येतं म्हणून यंत्र आहे का तेही पाहिलं. आहे, आणि चालू होतं. तरी रोज खुर्चीतून उठताना तेच. "एक, दोन, तीन", आणि आजी तशाच.

शेवटी सरांचं ऐकलं आणि विचारलं. "आजी, तीन म्हटल्यावर तुम्ही थांबता का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तू उठा कुठे म्हणतेस? सिस्टर म्हणते एक, दोन, तीन, उठा. मी उठाची वाट बघत बसते, तेवढ्यात तू ओढतेसच."

मग आज मी मोजलंच नाही. म्हटलं, तुम्ही मोजा. त्यांनी मोजलं, स्वतःच "उठा" म्हणाल्या आणि उठल्या. मी हाताच्या अंतरावर, हात मोकळे. पट्ट्याला बोट लावलं नाही. वॉकरवर स्थिरावल्यावर म्हणाल्या, "आणि आजी म्हटलेलं चालतं मला. त्या सरांना सांग."

वहीत लिहिलंय: खुर्चीतून उठणे, देखरेख, हात लावला नाही. मोजणी पेशंट स्वतः करतात. त्यांना घाई करू नये.